शंकूची सावली आणि मापाचे प्रामाण्य

माप माणूस ठरवतो. मोजून आलेले उत्तर मात्र माणसाच्या मर्जीवर चालत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हा विज्ञान शिकू लागलेल्या विद्यार्थ्यापुढचा पहिला तात्त्विक प्रश्न आहे. मीटर केवढा असावा हे निसर्गाने सांगितलेले नाही. तो आहे त्याहून चार बोटे लांब ठरला असता तरी काही बिघडले नसते. पण एकदा तो ठरला की सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा एखादा बुरूज किती मीटर उंच आहे, याचे उत्तर राजाला, पंडिताला किंवा बहुमताला बदलता येत नाही.

धर्माच्या व्यवहारात हाच प्रश्न अधिक धारदार होतो. एकादशी किती वाजता लागते, ग्रहणाचा स्पर्श केव्हा, संक्रांत कोणत्या दिवशी? याची उत्तरे परंपरेने आलेल्या ग्रंथाच्या गणितावरून द्यायची की आकाश पाहून? महाराष्ट्रात या प्रश्नावर दीर्घकाळ आणि मोठ्या गांभीर्याने वाद झाला. त्या वादाच्या काळातच, शके १८३८ मध्ये म्हणजे इ. स. १९१६-१७ साली, लक्ष्मण गोपाळ ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सोलापुरात पंचांग सुरू केले. मापाचे प्रामाण्य कुठून येते, हे समजून घेण्यासाठी पंचांगाइतके चांगले उदाहरण दुसरे सापडणे कठीण, कारण त्यात माणसाने ठरवलेले आणि आकाशात घडणारे असे दोन्ही धागे एकत्र विणलेले असतात.

हे धागे वेगळे करण्याची रीत जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ (इ. स. ११५०) आकडेमोडीने सुरू होत नाही, परिभाषेने सुरू होते. आठ यवोदरांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश, चार क्रोशांचे एक योजन. ही कोष्टके सिद्ध केलेली नाहीत, सांगितलेली आहेत. त्यांना पुरावा मागण्यात अर्थ नाही. अंगुळ चोवीसऐवजी वीस घेऊन हात मानला असता तरी गणित अडले नसते. पुढे काटकोन त्रिकोणाच्या भुजांविषयी जे सांगितले आहे, त्याला मात्र उपपत्ती लागते. ग्रंथकाराने ठरवायच्या गोष्टी आधी, स्वतंत्र ठेवल्या आहेत आणि सिद्ध करायच्या गोष्टी नंतर आल्या आहेत. हा क्रम केवळ सोयीचा नाही. कोणत्याही शोधाची सुरुवात अशीच व्हावी लागते: आपण काय मानून चाललो आहोत आणि काय शोधणार आहोत, हे आधीच वेगळे करून.

परिभाषा कोणतीही चालते, याचा अर्थ सगळ्या परिभाषा सारख्याच सोयीच्या असतात असा नाही. मराठी मुलखातली धान्याची मापे दुपटीने वाढत: चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. धान्य निम्मे-निम्मे करत वाटण्यासाठी ही रचना उत्तम होती. दशमान पद्धतीचे बळ दहाच्या पटीत आहेच, पण त्याहून अधिक ते निरनिराळ्या एककांच्या आपसातल्या नात्यात आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी बरोबर एक लिटर भरते आणि त्याचे वजन जवळजवळ एक किलो असते. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. पाऊस कमी असलेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेततळ्याचा हिशेब विद्यार्थी असा तोंडी करू शकतो. हाच हिशेब एकर, इंच आणि गॅलनमध्ये करायचा तर प्रत्येक पायरीला एक वेगळा आकडा पाठ असावा लागतो.

आता प्रत्यक्ष मोजमापाकडे वळता येईल. त्यासाठी सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त उपकरण म्हणजे शंकू: सपाट जमिनीवर सरळ उभी रोवलेली काठी. भारतीय ज्योतिषात शंकू बारा अंगुळांचा घेत. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्ही पडणाऱ्या त्याच्या सावलीला पलभा म्हणत. गावोगावची पलभा वेगळी, आणि तिच्यावरून त्या गावच्या दिनमानाचे गणित होत असे. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७ अंश ४० कला. त्यावरून गणिताने येणारी पलभा सुमारे ३.८२ अंगुळे. हाच प्रयोग शाळेच्या मैदानावर एक मीटर उंचीच्या काठीने केला तर २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास मध्यान्हीची सावली सुमारे ३२ सेंटिमीटर भरेल. अंगुळांतला आकडा वेगळा, सेंटिमीटरमधला वेगळा, पण ३.८२ ला १२ ने भागा किंवा ३१.८ ला १०० ने भागा, उत्तर ०.३१८ च येते. एकक बदलल्यावर जे बदलते ते माणसाने ठरवलेले होते. जे तसेच राहते ते सोलापूरच्या भूमीचे आणि सूर्याचे. मापाविषयीच्या साऱ्या तत्त्वचर्चेत याहून उपयोगी कसोटी क्वचितच मिळेल.

हा प्रयोग नीट करायचा तर विज्ञानाच्या रीतीतले जवळजवळ सारे टप्पे त्यात येतात. पहिला प्रश्न: मध्यान्ह केव्हा? घड्याळात बारा वाजता असे उत्तर सहज सुचते, आणि ते तपासण्याजोगे आहे. अकरा ते दीडपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने दाखवले तर सर्वांत आखूड सावली बाराला सापडत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे, सोलापूर सुमारे ७५.९ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सोलापूरची सरासरी मध्यान्ह १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास येते. तीही स्थिर नाही: फेब्रुवारीच्या मध्यास ती १२.४० पर्यंत जाते, नोव्हेंबरच्या आरंभी १२.१० पर्यंत मागे येते, कारण पृथ्वीची कक्षा अगदी वर्तुळाकार नाही आणि तिचा आस कललेला आहे. ज्या विद्यार्थ्याने ही वक्ररेषा वर्षभराच्या खुणांवरून स्वतः काढली, त्याला घड्याळ आणि सूर्य यांतले नाते पुन्हा कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरा प्रश्न मापातल्या चुकीविषयीचा आहे, आणि इथे थांबणे आवश्यक आहे. सूर्य बिंदू नसून आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे; म्हणून सावलीचे टोक रेघेसारखे नसते, पुसट होत जाते. एक मीटरच्या काठीसाठी ही पुसट पट्टी जवळजवळ एक सेंटिमीटरची असते. तेव्हा सावली ३१.८४ सेंटिमीटर भरली असे लिहिणे म्हणजे आपल्याला जे माहीत नाही ते माहीत असल्याचे सांगणे. ३२ सेंटिमीटर, अधिक-उणे अर्धा, असे लिहिणे अधिक खरे. दहा जणांनी मोजले तर दहा उत्तरे थोडी मागे-पुढे येतात आणि त्यांची सरासरी एकेका मापापेक्षा भरवशाची ठरते. पण काठीच एका अंशाने उत्तरेला कललेली असेल तर? मग दहा काय, हजार मापे घेतली तरी सरासरी चुकीचीच येईल, कारण सगळी मापे एकाच दिशेने चुकलेली असतील. तिथे पुनरावृत्ती कामाची नाही; गवंड्याचा ओळंबा आणून काठी तपासावी लागते. विखुरलेली चूक मोजणी वाढवल्याने घटते. एकाच दिशेची चूक उपकरणावर संशय घेतल्याशिवाय सापडत नाही. विज्ञानाच्या इतिहासातल्या बहुतेक मोठ्या दुरुस्त्या या दुसऱ्या प्रकारच्या आहेत.

कोणत्या परिस्थितीत मोजले हे सांगणेही मापाचाच भाग आहे. सोलापूरच्या सूतव्यवहारात हे नेहमीचे आहे. कापूस हवेतले पाणी शोषतो. शंभर किलो पूर्ण कोरड्या कापसासाठी व्यापारात साडेआठ किलो ओलावा प्रमाण धरला जातो. हे न ठरवता सुताची गाठ नुसती वजनाने घेतली तर पावसाळ्यात घेणारा पाण्याचेही पैसे मोजतो. काटा दोन्ही वेळा बरोबरच असतो. न सांगितलेली असते ती हवेची स्थिती.

शंकूच्या प्रयोगातून मीटरच्या जन्माकडे जाता येते. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये असे ठरले की लांबीचे माप कोणा राजाच्या हाता-पायावरून न घेता पृथ्वीवरून घ्यावे: उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे एक मीटर. यामुळे एक सुंदर सोय झाली. ध्रुव ते विषुववृत्त म्हणजे नव्वद अंश म्हणजे दहा हजार किलोमीटर. तेव्हा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. सोलापूरच्या मैदानावरल्या ३२ सेंटिमीटर सावलीतून अक्षांश निघतो आणि त्यातून लगेच कळते की विषुववृत्त तिथून सुमारे १,९६० किलोमीटर दक्षिणेला आहे. सावली अर्धा सेंटिमीटर चुकली तर हे उत्तर सुमारे तीस किलोमीटरने चुकते, हेही त्याच गणितात दिसते.

देलांब्र आणि मेशँ या दोन ज्योतिर्विदांनी डंकर्क ते बार्सिलोना या रेषेची सात वर्षे मोजणी केली आणि १७९९ मध्ये प्लॅटिनमचा मीटर तयार झाला. तो सुमारे ०.२ मिलिमीटरने आखूड निघाला, मुख्यतः पृथ्वीचा चपटेपणा हिशेबात चुकीचा धरल्यामुळे. बार्सिलोनाच्या अक्षांशाच्या मापांत मेशँला न जुळणारे आकडे आढळले होते. ते त्याने लपवले आणि त्या ओझ्याखाली तो अखेरपर्यंत तळमळत राहिला. आकडे न जुळणे हा दोष नव्हता, ते उघड न करणे हा होता. न जुळणारी मापे मांडून ठेवण्याची आणि सरासरीची शास्त्रशुद्ध रीत त्याच्या काळात अजून घडत होती, हेही त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे.

मीटर आखूड निघाल्यावर काय झाले, हे तात्त्विकदृष्ट्या फार बोलके आहे. पट्टी बदलली नाही. पट्टी हाच मीटर मानला गेला आणि ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर १०,००० ऐवजी सुमारे १०,००२ किलोमीटर झाले. परिभाषा चुकू शकत नाही. चूक नेहमी मापलेल्या गोष्टीविषयीच्या विधानात असते. पुढे पट्टीही गेली. १९६० मध्ये मीटर क्रिप्टॉनच्या प्रकाशलहरींवरून ठरला आणि १९८३ पासून तो प्रकाशाने निर्वातात एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात कापलेले अंतर असा आहे.

परंतु प्रश्न एक पाऊल मागे जातो. मापाने वस्तू तपासली. मापाला कोणी तपासले? हा प्रश्न विचारण्यात भारतीय तत्त्वज्ञान कुणाच्या मागे नव्हते. नागार्जुनाने सुमारे दुसऱ्या शतकात प्रमाणवादी दर्शनांना विचारले की ज्ञेय वस्तू प्रमाणाने सिद्ध होते, तर प्रमाण कशाने सिद्ध होते? दुसऱ्या प्रमाणाने म्हटले तर ते तिसऱ्याने, आणि मग शेवट नाही. आपोआप सिद्ध म्हटले तर वस्तूही आपोआप सिद्ध का मानू नये? हा आक्षेप शाब्दिक कसरत नाही. ज्ञानाचा पाया मागणाऱ्या प्रत्येकाला तो आजही उत्तर मागतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत दुसऱ्या अध्यायात या स्वरूपाच्या आक्षेपाला जे उत्तर आहे, ते तराजूचे आहे. सोन्याचे वजन करताना तराजू हे साधन असते. त्याच तराजूविषयी शंका आली तर ज्या सोन्याचे वजन आधी ठाऊक आहे ते पारड्यात टाकून तराजू तपासतात. तेव्हा तराजू हा तपासायचा विषय होतो आणि सोने साधन. प्रमाण असणे ही वस्तूची कायमची जात नाही, ती त्या-त्या प्रसंगातली भूमिका आहे. वात्स्यायनाच्या भाष्यात हा विचार सविस्तर आला आहे. विसाव्या शतकात विट्गेन्श्टाइनने पॅरिसच्या मूळ मीटरपट्टीविषयी लिहिले की ती एक मीटर लांब आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. पट्टी परिभाषेच्या आसनावर बसलेली असेपर्यंत ते खरे आहे. नैयायिकांचे उत्तर मात्र अधिक दूर जाते, कारण ते त्या आसनावरून वस्तूला खाली उतरवून तपासण्याची वाट दाखवते.

किलोग्रॅमच्या बाबतीत नेमके तेच घडले. १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल म्हणजेच एक किलोग्रॅम होता. त्याच्या प्रतिकृती देशोदेशी गेल्या आणि भारताची प्रत, क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. शतकभरात प्रतींशी तुलना केली तेव्हा मूळ दंडगोल आणि प्रती यांत सरासरी सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या, हे त्या पद्धतीत सांगताच येत नव्हते. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. मूळ प्रमाण स्वतःच तपासणीचा विषय झाले आणि बाजूला झाले.

सोलापूरच्या मार्केट यार्डात तोलार कांद्याची गोणी काट्यावर चढवतो तेव्हा या साखळीचे शेवटचे टोक त्याच्या हातात असते. काट्यावर वैध मापन विभागाची मुद्रा असते, ती ठरावीक मुदतीने नवी करून घ्यावी लागते. निरीक्षकाची वजने वरच्या दर्जाच्या वजनांशी पडताळलेली असतात, ती त्याहून वरच्या, आणि असे करत साखळी राष्ट्रीय प्रमाणाला पोचते. नागार्जुनाने दाखवलेली मागे-मागे जाणारी वाट इथे खरोखर आहे. ती एखाद्या शंकेपलीकडच्या वस्तूपाशी थांबत नाही. ती परस्पर पडताळणीच्या जाळ्यात जाते, जिथे कोणतीही कडी केव्हाही तपासायला काढता येते. विज्ञानातल्या खात्रीचे स्वरूप एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

आता पंचांगाकडे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जायला लागणारा काळ. तीस तिथींचा चांद्रमास. बारा अंश ही परिभाषा आहे. चंद्र ते अंतर किती वेळात कापतो हे आकाशाचे. महाराष्ट्रात कित्येक शतके पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. कोकणातल्या नांदगावच्या या ज्योतिषाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली तो रचला. ज्या-चापांचे, म्हणजे त्रिकोणमितीचे, अवघड गणित टाळून ग्रह काढण्याची त्याची युक्ती विलक्षण होती. महत्त्वाचे हे की गणेश दैवज्ञाने जुन्या सिद्धांतांचे आकडे आंधळेपणाने घेतले नाहीत. जो ग्रह ज्या सिद्धांताने आकाशाशी जुळला, तो त्याने त्या सिद्धांतावरून घेतला. पुढच्या पिढ्यांनी त्याचा ग्रंथ प्रमाण मानला. त्याची रीत मानली असती तर ग्रंथ पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा तपासला गेला असता.

एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांवर आधारलेल्या गणिताने पंचांग काढले, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त परंपरेचा निःपक्ष इतिहास लिहिला, आणि व्यंकटेश बापूजी केतकरांनी ‘ज्योतिर्गणित’ व ‘केतकी’ हे ग्रंथ रचून नव्या गणिताला संस्कृत ग्रंथांचा पाया दिला. लोकमान्य टिळकांनी या चळवळीला बळ दिले. १९०४ मध्ये मुंबईत आणि १९२० मध्ये सांगलीत परिषदा झाल्या. मागणी एकच होती: गणित दृक्प्रत्ययाला, डोळ्यांनी दिसणाऱ्या आकाशाला, जुळले पाहिजे.

विरोधकांची बाजूही विचारी होती, आणि ती नीट मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे: ग्रहण डोळ्यांना दिसते, त्यासाठी दृक्गणित घ्या. पण व्रत-श्राद्धाचे फळ अदृष्ट आहे; ते शास्त्राने सांगितले आहे, तर त्यासाठीची तिथीही शास्त्राच्याच गणिताने घ्यावी. शिवाय परंपरेचा नियम होता की तिथी साठ घटकांपेक्षा फार तर पाच घटकांनी वाढते आणि सहा घटकांनी घटते. म्हणजे ती ५४ ते ६५ घटकांच्या, २१ तास ३६ मिनिटे ते २६ तासांच्या आत राहते. नव्या गणितात तिथी सुमारे ५० घटकांपासून ६७ घटकांपर्यंत, म्हणजे २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत जाते. तिथीच्या वाढ-घटीवर बसवलेले धर्मशास्त्राचे निर्णय याने विस्कळीत होतील, ही भीती खोटी नव्हती.

पण हा मतभेद का उद्भवला याचे कारण वैज्ञानिक शोधाच्या दृष्टीने अनमोल आहे. चंद्राच्या गतीत एकाहून अधिक विषमता आहेत. जुन्या सिद्धांतांनी मुख्यतः एक धरली, आणि तिचा आकडा ग्रहणांवरून बसवला. ग्रहणे फक्त अमावास्या-पौर्णिमेला होतात. त्या दोन स्थानी दुसरी मोठी विषमता पहिलीतच मिसळून जाते, म्हणून जुना आकडा तिथे चांगला जुळतो. अष्टमीच्या सुमारास मात्र दोन्ही वेगळ्या होतात आणि चंद्र गणितापासून दोन-अडीच अंशांपर्यंत सरकलेला असू शकतो. तिथीत तो फरक काही तासांचा होतो. प्रत्येक ग्रहणाने सिद्धांताला नवी पुष्टी दिली, कारण तपासणी नेमकी त्याच जागी होत होती जिथे चूक दिसणे शक्य नव्हते. पुष्टीची संख्या वाढत गेली, ज्ञान वाढले नाही. सिद्धांत तपासायचा तर जिथे तो मोडण्याची शक्यता अधिक तिथे तपासावा लागतो. अष्टमीचा चंद्र आकाशात सर्वांनाच दिसत होता. त्याच्यापुढे गणित धरून पाहायला हवे होते.

अदृष्टाच्या युक्तिवादालाही यातून उत्तर मिळते. शास्त्राने तिथीचे फळ सांगितले. तिथीची व्याख्या चंद्र-सूर्यांच्या अंतराने केली. ज्या क्षणी व्याख्येत चंद्र आला, त्या क्षणी चंद्र कुठे आहे हे चंद्रालाच विचारावे लागते. दाते पंचांगासह महाराष्ट्रातली प्रमुख पंचांगे आज सूक्ष्म दृक्गणिताने निघतात, आणि आषाढीची वारी त्याच तिथींवर पंढरपूरला पोचते. आकाशाशी जुळलेल्या गणिताने श्रद्धेचे काही उणे झालेले नाही.

तरीही पंचांगांत सगळा फरक चुकीचा नसतो, आणि चूक व संकेतभेद वेगळे ओळखता येणे हा शिक्षणाचाच भाग आहे. सोलापूरकरांना याचे उदाहरण उजनी धरणात मिळते. उन्हाळ्यात ‘उजनी उणे वीस टक्क्यांवर’ अशी बातमी येते, तेव्हा धरणात पाणी असते. सुमारे ११७ टीएमसीच्या साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे आणि शून्य त्याच्या वर धरले आहे. शून्य खाली धरले तर तीच पातळी पन्नास टीएमसीहून अधिक दिसेल. सेल्सिअस अंशांचे शून्यही असेच ठरवलेले आहे; म्हणून ४० अंशांचा दिवस २० अंशांच्या दुप्पट उष्ण, असे म्हणता येत नाही.

राशिचक्राचे शून्य हाही असाच संकेत आहे. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा मकर संक्रांतीला भरते, १४ जानेवारीच्या सुमारास. शंकूची मध्यान्हीची सावली मात्र सर्वांत लांब, सुमारे ८७ सेंटिमीटर, २१-२२ डिसेंबरला असते. संक्रांतीपर्यंत ती ८१ सेंटिमीटरवर आलेली असते. खगोलीय उत्तरायण तीन आठवडे आधीच सुरू झालेले असते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन दिवस एकच होते. पृथ्वीच्या आसाच्या मंद डोलण्यामुळे ते सुमारे ७१ वर्षांत एक दिवस या गतीने दूर गेले, कारण परंपरेने राशींचे आरंभस्थान ताऱ्यांना बांधले, ऋतूंना नाही. दाते पंचांग चित्रा ताऱ्याशी जुळवलेला आरंभ मानते, टिळक पंचांग रेवतीशी. म्हणून टिळक पंचांगात संक्रांत सुमारे चार दिवस आधी येते. यातला कोणता आरंभ बरोबर, हे दुर्बीण सांगू शकत नाही. संक्रांतीच्या दिवशी उत्तरायण सुरू होते, हे विधान मात्र सावलीने तपासता येते, आणि ते आज खरे नाही.

संकेत कोणताही चालत असला तरी एकच असण्याची किंमत मोठी असते. सोलापूर जिल्ह्याने रेल्वेची तिन्ही मापे पाहिली: मुंबईहून येणारी १,६७६ मिलिमीटर रुंदीची मुख्य वाट, होटगीहून गदगकडे जाणारी एक मीटरची, आणि १८९७ पासून कुर्डुवाडी-बार्शीची ७६२ मिलिमीटरची बार्शी लाइट रेल्वे. जिथे रुंदी बदलते तिथे माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. यांतली एक मीटर ही रुंदी १८७० च्या सुमारास भारतात दशमान मापे लवकरच येतील या अपेक्षेने निवडली होती. मापे यायला सुमारे नव्वद वर्षे लागली. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. तिच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ रोजी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. दहा दिवसांनी, १ एप्रिलला, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम बाजारात येऊ लागला. नाणी आणि वजने रुजली. दिनदर्शिका सरकारी कागदांवर राहिली, कारण सणांचा संकेत समाजाच्या हातात होता आणि त्याने तो बदलला नाही.

मापाचे क्षेत्र कुठे संपते हेही पंचांगातच दिसते. एकादशी कधी लागली आणि कधी संपली, यावर दृक्गणिताच्या पंचांगांत वाद उरत नाही. तरीही काही पंधरवड्यांत स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी छापलेली असते. दशमी अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटकांना, शिवत असेल तर तो दिवस भागवत परंपरा उपवासाला घेत नाही. स्मार्त परंपरेची कसोटी सूर्योदयाची आहे. दोघांपुढे वेळेचा आकडा एकच असतो. चार घटका म्हणजे ९६ मिनिटे हे मोजता येते. त्या ९६ मिनिटांना महत्त्व द्यायचे की नाही, हा निर्णय ज्या-त्या परंपरेचा.